सज्ञान भावाचे कायदेशीर पालकत्व: पालक बदलायचा की आदेशच उठवायचा?

प्रश्न असा आहे. फोंडा तालुक्यातले कुटुंब. धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आहे. आईवडील वारल्यावर २०१३ मध्ये कलेक्टर कचेरीतल्या लोकल लेव्हल कमिटीने (जिल्ह्याच्या स्थानिक समितीने) थोरल्या भावाला कायदेशीर पालक नेमले. थोरला पुढे पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेला. कुळागरातल्या (बागायतीतल्या) सुपारीचे पैसे आणि गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे ज्या खात्यात येतात, ते खाते अजून तोच चालवतो. हिशेब कुणी पाहिलेला नाही. धाकटा चार वर्षांपासून विवाहित बहिणीकडे राहतो, पॅकिंगच्या कामाला जातो, सुटे पैसे बिनचूक मोजतो. बहीण विचारते: पालक बदलून मिळेल का, की पालकत्वच नको असे म्हणता येईल? वकील म्हणतात कोर्टात जा, कचेरीतला कारकून म्हणतो इथेच होईल.

ताई, पालक बदलण्यापुरते कारकुनाचे म्हणणे बरोबर आहे. वकीलही चुकलेले नाहीत, कारण जमिनीचा विषय निघाला की कोर्ट टळत नाही. पण अर्ज लिहायला बसण्याआधी २०१३ चा मूळ आदेश हातात घ्या आणि तो कुठल्या कायद्याखाली निघाला ते वाचा. ज्याने नेमले, बदलही त्याच्याकडेच मागायचा असतो. चुकीच्या दारात अर्ज दिला की सहा-आठ महिने जातात आणि शेवटी 'आमच्या अधिकारात नाही' एवढे एका ओळीचे उत्तर येते.

गोव्यात या कामाचे निरनिराळे कागद लोकांच्या कपाटात सापडतात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चारच प्रकारांसाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट (अशा व्यक्तींसाठीची केंद्र सरकारची संस्था) कायद्याखाली लोकल लेव्हल कमिटी पालक नेमते. तुमचा आदेश हा. कुणाकडे जिल्हा न्यायालयाचा आदेश असतो, जुन्या १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखालचा किंवा २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याखालचा. कोमात गेलेल्या किंवा स्मृतिभ्रंशाने काहीच उमगत नसलेल्या माणसासाठी उच्च न्यायालयाने रिट अर्जावर पालक नेमलेला असतो, कारण अशा माणसासाठी सरळ लागू पडणारा कायदाच नाही. आणि फार जुन्या घराण्यांत १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेखालचे इंटरडिक्शन (माणसाला स्वतःचे व्यवहार करण्यास अक्षम ठरवणारा आदेश) निघते, त्यात ट्यूटर म्हणजे पालक आणि फॅमिली कौन्सिल म्हणजे नातेवाइकांचे मंडळ असते. शेवटचे तिन्ही प्रकार न्यायालयातूनच बदलतात. अल्झायमरच्या वडिलांसाठी लोकल लेव्हल कमिटीकडे अर्ज घेऊन जाणारे पुष्कळ भेटतात. तिथे काही होत नाही.

पॉवर ऑफ ॲटर्नी हा पालकत्वाचा कागद नव्हे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारपत्र संपते. 'आईने शुद्धीत असताना करून दिले होते' याचा उपयोग नाही. तुमच्या थोरल्याने इंग्लंडला जाताना पालकत्वाचे अधिकार कुणा तिसऱ्याला मुखत्यारपत्राने दिले असतील, तर तेही मान्य करू नका. पालकत्व ज्याच्यावर सोपवले त्याने ते स्वतः करायचे असते.

आता फोंड्याची एक खास अडचण. तुमचा आदेश निघाला तेव्हा फोंडा तालुका उत्तर गोव्यात होता. २०१५ मध्ये तो दक्षिण गोव्याला जोडला गेला. म्हणजे मूळ फाइल पणजीच्या कलेक्टर कचेरीत आणि आजची समिती मडगावची. अर्ज मडगावला करा, पण त्याआधी पणजीहून आदेशाची आणि पूर्ण फाइलची प्रमाणित प्रत घ्या. सरळ मागून मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागा. मागताना 'आदेशाची प्रत' एवढेच लिहू नका. मूळ अर्ज, नेमणुकीच्या वेळी जोडलेली कागदपत्रे, मालमत्तेची यादी आणि २०१३ पासूनचे वार्षिक हिशेब, असे सगळे स्पष्ट लिहा. यादी आणि हिशेब 'उपलब्ध नाहीत' असे उत्तर आले तर ते जपून ठेवा, तो तुमचा पहिला पुरावा.

कारण नॅशनल ट्रस्ट कायद्याचे कलम १६. नेमणूक झाल्यापासून सहा महिन्यांत पालकाने पाल्याच्या स्थावर-जंगम मालमत्तेची, येण्या-देण्याची यादी समितीला द्यायची असते. त्यानंतर दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आत, म्हणजे जूनअखेरपर्यंत, जमाखर्च आणि शिल्लक द्यायची असते. गोव्यातच नव्हे, सगळीकडेच हे क्वचित पाळले जाते आणि समित्याही पाठपुरावा करत नाहीत. पण बदलाचा अर्ज आला की हेच कलम सर्वांत जड पडते. भाऊ प्रेमळ आहे की नाही यावर वाद घालता येतो. बारा वर्षांत एकही हिशेब दिला नाही यावर घालता येत नाही.

यानंतर ठरवायचे की भांडून बदल हवा की संमतीने. कलम १७ खाली पालकाला हटवण्याची कारणे दोनच आहेत: दिव्यांग व्यक्तीचा छळ किंवा हेळसांड, आणि तिच्या मालमत्तेचा अपहार किंवा हेळसांड. पालक म्हातारा झाला, आजारी पडला, परदेशी गेला ही कारणे त्या कलमात नाहीत. लोक इथे फसतात. प्रत्यक्षात कारण साधे असते, पण अर्ज कलम १७ चा म्हणून त्यात 'छळ' लिहिला जातो, तो सिद्ध होत नाही, अर्ज फेटाळला जातो आणि भावंडांचे बोलणे कायमचे बंद होते. थोरला तयार असेल तर संमतीचा रस्ता धरा, माझे मत तरी स्पष्टपणे तेच आहे.

संमतीच्या रस्त्यात थोरल्याने प्रतिज्ञापत्र द्यायचे: मी पालकपदातून मुक्त होऊ इच्छितो, बहिणीच्या नेमणुकीला माझी हरकत नाही, अमुक तारखेपर्यंतचा हिशेब सोबत जोडला आहे, अमुक वस्तू व कागद तिच्या ताब्यात दिले आहेत. इंग्लंडमध्ये असल्याने ते तिथल्या नोटरीपुढे करून त्यावर अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी दाखला) घ्यावे, किंवा भारतीय उच्चायुक्तालयात सही साक्षांकित करावी. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो चालत नाही. याला जोडून तुमचा नव्या नेमणुकीचा फॉर्म ए: दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे राष्ट्रीय ओळखपत्र), जन्मदाखला, आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, तुमचे नाते दाखवणारा कागद, रहिवासाचा पुरावा, फोटो, तुमची लेखी संमती. बाकी भावंडे असतील तर त्यांचे ना-हरकतपत्र कायदा मागत नाही, पण समिती बहुधा मागते. आधीच जोडले की एक फेरी वाचते.

पासपोर्टचा मुद्दा वेगळा आणि गोव्यात फार महत्त्वाचा. नॅशनल ट्रस्टच्या नियमावलीप्रमाणे पालक भारताचा नागरिक असावा लागतो. शिवाय तो दिवाळखोर, गुन्ह्यात शिक्षा झालेला किंवा स्वतःच दुसऱ्यावर अवलंबून नसावा. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी जन्म लिस्बनला नोंदवला एवढ्यावरून भारतीय नागरिकत्व गेले की नाही, यावर वाद होऊ शकतो. पोर्तुगीज पासपोर्ट काढून प्रवास सुरू केला असेल तर त्या वादाला फारशी जागा उरत नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे कार्ड) म्हणजे नागरिकत्व नव्हे. तुमचा थोरला नेमणुकीच्या दिवशी पात्र होता, आज नाही. हा मुद्दा कलम १७ मध्ये बसत नाही, म्हणून अर्जात स्वतंत्र परिच्छेद करा आणि १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याचे कलम १६ लिहा: नेमण्याचा अधिकार ज्याला आहे त्याला काढण्याचाही अधिकार असतो. आणि हे थोरल्याला शांतपणे समजावूनही सांगता येते. 'तू वाईट आहेस' म्हणण्यापेक्षा 'तुझा पासपोर्ट बदलला म्हणून कागद बदलावा लागतो' हे ऐकायला सोपे जाते.

तो ऐकत नसेल, तर कलम १७. अर्ज आईवडील, नातेवाईक किंवा ट्रस्टकडे नोंदणी झालेली संस्था करू शकते. रक्ताचे, लग्नाचे, दत्तकाचे कुठलेही नाते चालते, त्यामुळे तुमचा हक्क वादातीत आहे. अर्ज आल्यावर समितीने निदान तिघांचे चौकशी पथक नेमायचे असते: दिव्यांगांच्या आईवडिलांच्या संघटनेचा एक, दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा एक आणि सहायक संचालकाच्या दर्जाखाली नसलेला सरकारी अधिकारी. पथकाने दहा दिवसांत अहवाल द्यायचा, मग समितीने पालकाचे म्हणणे ऐकून आणखी दहा दिवसांत कारणांसह लेखी निर्णय द्यायचा. कागदावर वीस दिवस. समितीला तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक घ्यावी लागते, आणि पुष्कळदा प्रत्यक्षातली गती तीच असते. सदस्यांची मुदत तीन वर्षांची असते. ती संपून नवे नेमले गेले नसतील तर सगळेच थांबते. म्हणून आवक शिक्का मारलेली प्रत घ्या आणि महिन्याभरात लेखी स्मरणपत्र द्या.

नियमांत छळ आणि हेळसांडीची उदाहरणे दिली आहेत: खोलीत एकट्याला कोंडून ठेवणे, साखळीने बांधणे, मारहाण, लैंगिक अत्याचार, अन्न-पाणी-कपड्यांवाचून ठेवणे, तज्ज्ञांनी सांगितलेले प्रशिक्षण न देणे, मालमत्तेचा गैरवापर. तुमच्या प्रकरणात पहिली चार नाहीत; ती लिहू नका. जे आहे ते आकड्यांनी लिहा. बँकेचे तीन वर्षांचे स्टेटमेंट घ्या आणि प्रत्येक पैसे काढण्यासमोर तो खर्च भावावर झाला का ते नोंदवा. सुपारी ज्या सोसायटीत किंवा व्यापाऱ्याकडे जाते तिथल्या पावत्या मागा. दयानंद योजनेचे पैसे काढले गेले आणि भावाचे कपडे, औषध, बसभाडे तुम्ही भरलेत, तर तुमची बिले जोडा. 'चार वर्षे माझ्याकडे राहतो' हे पंचायतीच्या दाखल्याने, रेशनकार्डाने आणि कामाच्या ठिकाणच्या हजेरीने दाखवा. मोजका आणि खरा अर्ज पथकाला पटतो.

पैसे रोज काढले जात असतील तर निर्णयाची वाट पाहू नका. बँकेला अर्जाची प्रत देऊन खात्यातून काढण्यावर तात्पुरता निर्बंध मागा; खाते बंद करू नका, नाहीतर योजनेचे पैसे परत जातील. बँक समितीच्या पत्राशिवाय हलत नसेल तर समितीकडेच अंतरिम पत्र मागा. अंगावर येण्याचा प्रकार असेल तर दिव्यांगजन हक्क कायद्याच्या कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे थेट तक्रार करता येते. गोव्यात ते मामलेदार आणि उपजिल्हाधिकारी. यासाठी वकील लागलाच तर दिव्यांग व्यक्तीला आणि स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते, गोवा राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या तालुका समितीकडे विचारा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो: पालकत्व हवेच कशाला?

१९ एप्रिल २०१७ पासून दिव्यांगजन हक्क कायदा लागू आहे. त्याच्या कलम १४ प्रमाणे इतर कुठल्याही कायद्याखाली आधी नेमलेला पालकसुद्धा आता मर्यादित पालक म्हणूनच काम करतो. मर्यादित म्हणजे ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळासाठी, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे, तिच्याबरोबर मिळून. तेव्हा २०१३ च्या कागदावर 'देह व मालमत्तेचा पालक' असे ठसठशीत लिहिले असले तरी भावाने कुठे राहायचे, कुठे काम करायचे हे थोरला एकटा ठरवू शकत नाही. तो तुमच्याकडे राहतो ते त्याच्या इच्छेने, हे समितीपुढे त्यानेच सांगावे.

पूर्ण उठवण्याची अडचण अशी की नॅशनल ट्रस्ट कायद्यात 'पालकत्व समाप्त' असे वेगळे कलम नाही. पण पालक नेमताना समितीने दोन गोष्टी पाहायच्या असतात: पालकाची गरज आहे का, आणि कुठल्या कामांसाठी आहे. अर्ज याच दोन प्रश्नांवर बांधायचा. तुमच्या भावाच्या बाबतीत माझा सल्ला असा: पूर्ण उठवण्याची मागणी पहिली ठेवा; ती मान्य नसेल तर पालकत्व फक्त वडिलोपार्जित जमिनीचे व्यवहार आणि मोठी बँक रक्कम यांपुरते, तीन वर्षांसाठी ठेवावे आणि रोजचे खाते, पगार, राहणे, औषधोपचार त्याच्या स्वतःच्या हातात द्यावेत, ही पर्यायी मागणी त्याच अर्जात लिहा. दुसरी मागणी लिहिली नाही तर समितीपुढे 'सगळे किंवा काहीच नाही' एवढेच उरते, आणि मग ती सावध राहून जुनेच चालू ठेवते.

पुरावा बुद्ध्यंकाचा नको. आकडा २०१३ मध्ये जो होता तोच आजही साधारण येईल आणि तो तुमच्या विरुद्ध जाईल. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेतल्या किंवा अन्य क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून कार्यक्षमतेचा अहवाल मागा आणि नेमके प्रश्न लिहून द्या: पाचशेची नोट दिल्यावर सुटे बरोबर घेतो का, पगार कुठे जातो हे सांगू शकतो का, औषधाच्या गोळ्या वेळेवर घेतो का, कुणी कागदावर सही मागितली तर 'ताईला विचारतो' म्हणतो का. हा शेवटचा प्रश्न सर्वांत वजनाचा, कारण कायदा एकट्याने निर्णय घेण्याची अपेक्षा करत नाही. मदत घेऊन निर्णय घेता आला की पुरे. त्याच्या नावाने साधे बचत खाते उघडा आणि सहा महिने त्यालाच चालवू द्या. ते पासबुक हा उत्तम पुरावा.

बैठकीला त्याला घेऊन जा. उत्तरे पढवू नका. पढवलेले पाच मिनिटांत कळते. त्याला बोलायला वेळ लागत असेल तर आधीच लेखी कळवा, आणि तुम्ही दाराबाहेर बसायची तयारी ठेवा.

समितीने नकार दिला किंवा 'आम्हाला अधिकार नाही' म्हटले, तर तो नकार लेखी घ्या. मग दिव्यांगजन हक्क कायद्याच्या कलम १४ खाली जिल्हा न्यायालयात पुनर्विचारासाठी किंवा पर्वरीच्या उच्च न्यायालयात रिट अर्ज. लेखी नकाराशिवाय वर जाणे अवघड.

आता जमीन. तुमच्या पुढच्या कटकटी बहुतेक इथूनच येतील. आईवडिलांच्या मालमत्तेची इन्व्हेंटरी (वारसांतली कोर्टामार्फत होणारी वाटणी) झालेली नसेल तर धाकटा अविभक्त हिश्शाचा मालक आहे, आणि गोव्याच्या वारसा कायद्यात मुलांचा राखीव हिस्सा मृत्युपत्रानेही सहज हिरावता येत नाही. थोरला पालकही आहे आणि सहवारसही, म्हणजे वाटणीत दोघांचे हित आमनेसामने. पण ताई, तुम्ही पालक झालात तर तुमचीही स्थिती तीच. शिवाय तुमचे लग्न कम्युनियन ऑफ ॲसेट्समध्ये (नवराबायकोची मालमत्ता सामाईक) असेल तर तुमच्या यजमानांचाही हितसंबंध येतो. दिव्यांगजन हक्क कायद्याप्रमाणे हितसंबंध भिडत असतील त्या व्यवहारापुरते मदत करणाऱ्याने बाजूला व्हायचे असते. म्हणून इन्व्हेंटरीत किंवा दाव्यात भावासाठी स्वतंत्र प्रतिनिधी नेमण्याची विनंती तुम्हीच कोर्टाला करा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३२ मध्ये तशी सोय आहे, आणि त्याच्या वतीने तडजोड करायची तर कोर्टाची परवानगी लागते. हे आधी केले की उद्या कुणी तुमच्याकडे बोट दाखवणार नाही. पालकत्वाचे प्रमाणपत्र हातात आहे म्हणून विकता येते, असेही धरू नका. विक्रीसाठी न्यायालयाचा त्या मालमत्तेपुरता आदेश घ्या.

आजच करण्याचे एक काम: एक-चौदाचा (गोव्यातल्या जमीन-नोंदीचा) ताजा उतारा काढा आणि गेल्या बारा वर्षांतले म्युटेशन (फेरफार) पाहा. थोरल्याने पालक म्हणून भावाच्या वतीने हक्क सोडल्याचे डीड केले असेल तर ते तिथे किंवा सब-रजिस्ट्रारकडे दिसेल. पालक बदलल्याने जुने व्यवहार आपोआप रद्द होत नाहीत. त्यासाठी वेगळा दिवाणी दावा लागतो आणि मुदतीचा प्रश्न येतो. तसे डीड निघाले तर आधी वकिलाकडे, मग समितीकडे.

मंजुरी मिळाल्यावर नवा आदेश बँकेत, समाजकल्याण खात्यात आणि निरामय विम्याच्या (नॅशनल ट्रस्टच्या आरोग्य विम्याच्या) नोंदीत द्या. समितीचे पालकत्व प्रमाणपत्र बँकांनी स्वीकारावे अशी रिझर्व्ह बँकेची सूचना २००७ पासून आहे. शाखेत 'कोर्टाचाच कागद आणा' म्हणाले तर तिचा हवाला द्या. हटवलेल्या पालकाला मालमत्तेचा ताबा आणि पैशाचा हिशेब नव्या पालकाकडे द्यावाच लागतो; ताबा घेताना दोन साक्षीदारांसमोर यादी करा. सोने असेल तर वजनासकट.

आणि मोबाइल नंबर. भावाच्या आधारला, बँक खात्याला आणि यूडीआयडीला बहुतेक थोरल्याचाच नंबर जोडलेला असेल, आणि तो आता इंग्लंडमध्ये बंद पडलेला असू शकतो. ओटीपी तिकडे जात राहिला तर नवा आदेश असूनही काहीच हलत नाही. पहिल्या आठवड्यात आधार केंद्रावर भावाला प्रत्यक्ष नेऊन नंबर बदला, नंतर बँक, नंतर यूडीआयडी, याच क्रमाने. बँकेत आधी गेलात तर केवायसी आधारशी जुळत नाही म्हणून परत पाठवतील.